चित्रांकडे पाठ

पहाटेचे साडेपाच. नागपूर–छिंदवाडा रस्त्यावरच्या बोरगाव फाट्यावर तुम्ही उभे आहात. रात्रपाळी करून थेट आलात, त्यामुळे डोळ्यांत अजून टेबलाचा पांढरा उजेड आहे. कारखान्यात तुमचं काम बघण्याचं. सुटाचं कापड उजेडावरून हळूहळू सरकतं आणि तुम्ही त्यात तुटलेला धागा, गाठ, तेलाचा डाग शोधता. रोज आठ तास. रेमंडनं १९९१ साली इथं गिरणी काढली. तेव्हापासून बोरगावचं कापड कुणाकुणाच्या अंगावर चढलं, ते तुम्हाला ठाऊक नाही. निर्दोष कापड पुढं जातं आणि दोष असलेलं तुमच्या बोटाखाली थांबतं, एवढंच तुमचं आणि त्याचं नातं.

हातातल्या पिशवीत संत्री आहेत. मृग बहाराची, कालच तोडलेली. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या भाचीसाठी. तिनं फोनवर सांगितलं होतं, "मामा, या गुरुवारी याच. महिन्यातून एकदा कुलाबा-फोर्टातल्या गॅलऱ्या रात्री उशिरापर्यंत उघड्या असतात. एका संध्याकाळी सात-आठ प्रदर्शनं बघून होतात. तिकीट नाही की काही नाही."

टपरीवाला चहा पुढं करतो. "कुठी चालले जी?"

"मुंबईले."

"दवाखान्यात?"

"नाही. चित्रं पाहाले."

तो किटली खाली ठेवतो आणि तुमच्याकडे नीट बघतो. "तुमाले समजते का चित्रातलं?"

तुमच्याकडे उत्तर नाही. हाच प्रश्न घेऊन तुम्ही लोधीखेड्याच्या स्टेशनावर येता. पाहता तर फलाटाला बुटकी, जुनी नॅरोगेज लागलेली. अडीच फुटांच्या रुळांवरची ही गाडी २०१५च्या शेवटाला बंद झाली आणि मग इथं मोठी लाइन आली, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी ती समोर उभी आहे, वाफ सोडत. काळ्या कोटातला टीसी खिडकीपाशी येतो आणि पुठ्ठ्याचं लहानसं तिकीट देतो. त्यावर गावाचं नाव नाही, साल आहे. १९४९.

जुलै १९४९, रॅम्पार्ट रो

सावनेर येतं, पण मध्य प्रदेश–महाराष्ट्राची सीमा येत नाही. अजून ती आखलेलीच नाही. तुमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात आहे आणि राजधानी नागपूर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला जाईल. बाजार, दवाखाना आणि सोयरीक मात्र नागपूरलाच राहील. डब्यात धोतरं, फेटे, कापसाची गाठोडी. इतवारीला उतरून तुम्ही मोठ्या स्टेशनावर मुंबई मेल धरता. निघालात फेब्रुवारीत, बोरीबंदरला पोचता तेव्हा धो धो पाऊस. टीसी म्हणतो, "इकडं जुलै चालू आहे. सात तारीख."

ट्राममधून उतरता. चौकात काळा घोडा खरंच उभा आहे, पाठीवर सातवा एडवर्ड बसलेला. १९६५ मध्ये त्याला इथून राणीच्या बागेत हलवतील. घोडा जाईल, पण लोक चौकाला काळा घोडाच म्हणत राहतील. समोर बॉम्बे आर्ट सोसायटीचं दालन. दारात ओल्या छत्र्यांचा ढीग. तुमच्या चपलांतून पाणी निथळतंय. आत जावं की नको, या विचारात तुम्ही उंबऱ्याशी थबकता.

आतून पहिल्यांदा काय दिसतं? पाठी. कोटांच्या, पारशी डगल्यांच्या, साड्यांच्या पाठी. लेखक मुल्कराज आनंद उद्घाटन करताहेत आणि सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे आहेत. साहजिकच चित्रांकडे सगळ्यांची पाठ.

ज्यांची चित्रं आहेत, ते सहाजण पंचविशी ते पस्तिशीतले. गोव्याच्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सोझा, जे. जे.मधून काढून टाकलेला. पंढरपुरात जन्मलेला मकबूल फिदा हुसेन, सिनेमाचे फलक रंगवत आलेला. कृष्णाजी आरा, ज्यानं लोकांच्या घरी नोकर म्हणून राबून आणि मोटारी पुसून दिवस काढले. शिल्पकार सदानंद बाकरे. अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे, विज्ञानाचे पदवीधर. आणि सय्यद हैदर रझा, मंडला जिल्ह्यातल्या जंगल खात्याच्या रेंजरचा मुलगा. गाडे आणि रझा दोघेही नागपूरच्या चित्रशाळेतून आलेले. म्हणजे तुम्ही आलात त्याच वाटेनं. संस्थेचं नाव प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप. हिंदुस्थानी आधुनिक चित्रकलेचा इतिहास पुढं या सहा नावांपासून सांगितला जाईल, हे आज खोलीत कुणालाच माहीत नाही, त्या सहाजणांनाही नाही.

रझा अजून निसर्गचित्रं काढतोय. त्याचा तो प्रसिद्ध काळा बिंदू यायला तीस वर्षं आहेत. बिंदूची गोष्ट मात्र घडून गेली आहे. शाळेत पोराचं लक्ष लागेना, म्हणून मंडल्याच्या रानातल्या गुरुजींनी ओसरीच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. बाकी काही शिकवलं नाही, फक्त एका ठिकाणी बघायला लावलं.

तुम्ही हळूच कडेनं शिरता. सवयीनं डोळा आधी कॅनव्हासच्या काठावर जातो, कापड ताणलेलं कसं आहे, खिळे कुठं आहेत. मग काठावरून आत. कुणी तुम्हाला हटकत नाही. हटकायला कुणी तुमच्याकडे बघायला हवं ना.

१९५२ आणि १९५४, एकच इमारत

टीसी तिकिटाला छिद्र पाडतो. पाऊस थांबतो, हवा गार होते. २१ जानेवारी १९५२. त्याच चौकाजवळ, वस्तुसंग्रहालयाच्या आवारात, एक नवीकोरी इमारत. दुर्गा बाजपेयींनी आखलेली. दारावर काँक्रीटचं छत घडी घातलेल्या कागदासारखं पुढं आलेलं. सर कावसजी जहांगीर यांनी गेलेल्या मुलाच्या नावानं ही बांधून दिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर उद्घाटन करतात. जहांगीर आर्ट गॅलरी उघडली.

आजवर बहुतेक चित्रकारांना सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात जागा मिळाली तर मिळाली. आता भाडं भरून कुणालाही आठवडाभर भिंत घेता येईल. पुढं या भिंतींसाठी चित्रकार वर्षानुवर्षं नंबर लावून बसतील. बघणाऱ्याला मात्र कधी नंबर लावावा लागणार नाही. रस्त्यावरून चार पायऱ्या चढलं की आत.

पुन्हा छिद्र. १९५४, तीच इमारत. अकबर पदमसी नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण पॅरिसहून आला आहे आणि मुंबईत त्याचं पहिलं एकट्याचं प्रदर्शन लागलं आहे. इथंही पाठीच पाठी. पण आज त्या गर्दीत एकजण वेगळा आहे. त्याचं तोंड चित्राकडे आणि पाठ लोकांकडे. तो एका चित्रासमोर बराच वेळ उभा राहतो, जवळ जातो, मागं सरतो, पुन्हा जवळ जातो. तुम्हाला वाटतं, आला एकदाचा खरा बघणारा.

तो पोलीस आहे.

चित्राचं नाव 'लव्हर्स'. एक पुरुष, एक स्त्री, पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर. अशी दोन चित्रं उतरवा, असं पदमसीला सांगितलं जातं. तो नाही म्हणतो. त्याच्यावर अश्लीलतेचा खटला भरला जातो. मॅजिस्ट्रेटनं त्याला निर्दोष सोडलं, सरकार उच्च न्यायालयात गेलं, तिथंही पदमसीच जिंकला. गमतीचा भाग असा, की चित्रात काय आहे हे मुंबईत सर्वांत बारकाईनं कुणी तपासलं असेल तर ते कोर्टानं. तुमच्या मनात एक ओशाळी शंका येते. दोष शोधायला बघणं हेच आपणही रोज करतो. चित्र बघणं म्हणजे आणखी काही असतं का?

१९६४, गाडीच्या डब्यासारखं हॉटेल

जहांगीरच्या मागच्या अंगाला एक लांबट, अरुंद जागा. दोन्ही बाजूंना टेबलं, मधून एकच माणूस जाईल एवढी वाट, एका बाजूनं वस्तुसंग्रहालयाची हिरवळ. तुम्ही आत शिरताच हसता, कारण हा तर आपल्या नॅरोगेजचा डबा! उषा खन्ना यांनी याच वर्षी काढलेलं हे समोवार. पुदिन्याचा चहा, खिमा पराठा, दहीवडा. उद्घाटन वर होतं, पण चित्रांवरचं बोलणं इथं होतं. वर गप्प बसलेली माणसं इथं टेबलावर बोटं आपटून भांडतात. मार्च २०१५ मध्ये समोवार बंद पडेल, तुमची नॅरोगेज बंद पडली त्याच वर्षी. दोन डबे एकाच वर्षी गेले.

पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधींची गॅलरी केमोल्ड आहे, गेल्याच वर्षी उघडलेली. केकूंचा मूळ धंदा फ्रेमांचा. लोकांच्या चित्रांना चौकटी करता करता त्यांनी आपल्याच दुकानात चित्रं टांगायला सुरुवात केली होती. १९६३ मध्येच फोर्टात काली पंडोल यांनीही गॅलरी काढली. भाड्यानं भिंत देणं वेगळं आणि चित्रकाराच्या पाठीशी वर्षानुवर्षं उभं राहणं वेगळं. हा दुसरा धंदा मुंबईत याच सुमारास उभा राहतोय.

समोवारच्या वाटेतून एक उंच, दाढीवाला माणूस अनवाणी जातो. हुसेन. सप्टेंबर १९६४ मध्ये दिल्लीत कवी गजानन माधव मुक्तिबोध गेले, त्यांच्या अंत्ययात्रेपासून हुसेननी चपला सोडल्या, असं सांगतात. मुक्तिबोध घरात मराठी आणि लिहायला हिंदी, नागपुरात नोकरी केलेले. म्हणजे आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडच्या माणसासारखे, दोन भाषांत पाय ठेवून जगलेले. हुसेनचे ते उघडे पाय बघून तुम्हाला तुमच्या चपलांची लाज वाटेनाशी होते. पुढं मुंबईतल्या एका बड्या क्लबनं याच अनवाणी पायांसाठी हुसेनना दारातून परत पाठवलं. चित्रांच्या गॅलरीनं तसं केल्याचं मात्र तुमच्या ऐकण्यात नाही.

१९७५, पहिला मजला

तुम्ही जिना चढता. केमोल्डच्या भिंतींवर आज तैलरंग नाही. शेणामातीच्या रंगाची जमीन आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस होतो. माणसांची माळ गोल गोल फिरत मध्याकडे जाते, मध्ये तारपा वाजवणारा. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. भास्कर कुलकर्णी नावाच्या, जे. जे.त शिकलेल्या माणसानं आदिवासी पाड्यांवर जाऊन या रेघेला कागद दिला आणि ती इथवर आली. तोवर वारली चित्र लग्नघराच्या भिंतीवर निघायचं, बायका काढायच्या आणि पावसाळ्यात पुसून जायचं.

इथंही समोरच्या पाठी आहेतच. पण आज तुमचं कुणाकडे लक्ष नाही. ही भिंत तुम्ही ओळखता. घरची आजी सणाला ओसरी सारवून बोटांनी पांढऱ्या रेघा ओढायची, ती पुसली की पुढच्या वर्षी पुन्हा. तिला कुणी विचारलं नाही, "तुले समजते का चित्रातलं?" आणि तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात, म्हातारे ओट्यावर बसून एकेका बैलाचं शिंग, झूल, डोळे न्याहाळतात आणि मग कुणाला चॉकलेट, कुणाला रुपया. ते तरी दुसरं काय आहे? गावभर फिरणारं प्रदर्शन, आणि ओट्यावरचा प्रत्येक म्हातारा त्यातला जाणकार. पोळ्याच्या दिवशी बैलाकडे पाठ करून गप्पा मारल्या, तर पोरं पुढचं घर धरतात.

सात वर्षांनी, १९८२ मध्ये, तुमच्या नव्या राजधानीत भारत भवन उघडेल. तिथं चित्रकार जे. स्वामिनाथन गोंडांच्या भिंतीवरची चित्रं आणि शहरी चित्रकारांचे कॅनव्हास एकाच छताखाली लावतील. पाटनगढचा जनगढसिंह श्याम तिथूनच जगाला ठाऊक होईल. जिव्या सोमांना २०११ मध्ये पद्मश्री मिळेल. पण १९७५च्या या खोलीत अजून कुणी कुणाला ओळखत नाही. फक्त पांढरी रेघ आणि तुम्ही.

१९९२, रिकामी भिंत

पुन्हा जहांगीर. हुसेनचं प्रदर्शन, म्हणजे दाराशी झुंबड. तुम्ही आत घुसता आणि बावचळता. चित्र कुठंच नाही. दोन्ही दालनं पांढऱ्या कापडानं झाकलेली, जमिनीवर फाडलेली वर्तमानपत्रं. प्रदर्शनाचं नाव 'श्वेतांबरी'.

एकजण म्हणतो, थट्टा आहे. दुसरा म्हणतो, पुढच्या काळाचं दुखणं आधी ओळखलंय. गंमत निराळीच आहे. इतकी वर्षं ज्यांनी चित्रांकडे पाठ केली, त्यांना आज पाठ करायला चित्रच नाही. मग ते एकमेकांकडे बघतात, पायाखाली कागद वाजतो म्हणून दबकत चालतात, भिंतीवर काहीतरी असेल म्हणून कापडाजवळ जातात. चित्रं नसलेल्या या प्रदर्शनात माणसं सर्वांत जास्त बघतात.

तुम्ही मात्र कापडच बघता. साधं पांढरं, कुठं सैल, कुठं ताणलेलं, एका जागी धागा उसवलेला. हाताची बोटं नकळत तिकडे जातात.

८ फेब्रुवारी २०१९, घुमटाखाली

रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ही मूळची १९११ची सर कावसजी जहांगीर सभागृहाची इमारत, १९९६ पासून इथं चित्रं आहेत. आज प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडतंय. बरवे १९९५ मध्ये गेले. मराठीत 'कोरा कॅनव्हास'सारखं पुस्तक लिहिलेला हा चित्रकार. पान, घड्याळ, अशा घरात सापडणाऱ्या वस्तू तो मोकळ्या जागेत एकेकट्या ठेवतो आणि त्यांच्यामधल्या अंतराला बोलायला लावतो.

अभिनेते अमोल पालेकर भाषणाला उभे राहतात. तेही मूळचे जे. जे.चे. संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या रद्द झाल्या, निर्णय आता दिल्लीतून होणार, याबद्दल ते बोलू लागतात. त्यांना मध्येच थांबवलं जातं, विषयावर बोला म्हणून सांगितलं जातं. ते पुन्हा सुरू करतात, पुन्हा थांबवलं जातं. सभागृहात कुजबुज, फोन वर उचललेले.

प्रश्न रास्त होता आणि तो तिथंच विचारायला हवा होता, याबद्दल तुमच्या मनात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी देशभरच्या बातम्यांत भाषण होतं, बरवे नव्हते. त्या रात्री घुमटाखालच्या सगळ्या मजल्यांवर त्यांची पानं आणि घड्याळं आपापल्या जागी शांत होती, आणि सगळ्यांची पाठ त्यांच्याकडे होती. तुमचीही. हे तुमच्या लक्षात येतं तेव्हा टीसी शेवटचं छिद्र पाडतो.

आज, गुरुवार, कुलाबा

भाची ताजच्या मागच्या रस्त्यावर उभी आहे. "मामा, एवढा उशीर?" काय सांगणार. पाऊणशे वर्षं लागली.

मेरीवेदर रोड, आर्थर बंदर रोड, मग फोर्ट. सनी हाउस, देवीदास मॅन्शन, कमल मॅन्शन अशी नावं. जुन्या चाळवजा इमारती, लाकडी जिने, विजेच्या वायरींची जाळी, आणि आत एकदम पांढरीशुभ्र, गारेगार खोली. प्रोजेक्ट ८८ तर जुन्या छापखान्यात आहे. पहिल्या मजल्यावरची केमोल्ड २००७ मध्ये प्रेस्कॉट रोडला गेली. कित्येक ठिकाणी दारावर नावाची पाटी बोटभर. काचेचं दार ढकलायचं असतं की ओढायचं, हे कळेपर्यंत आतले चार लोक तुमच्याकडे बघतात. तुम्ही मनात म्हणता, उंबरा म्हणतात तो हाच. १९४९ मध्ये तो ओल्या छत्र्यांचा होता, आज काचेचा आहे.

आत वाइनचे ग्लास, हळू आवाज, एका टेबलावर चित्रांच्या किमतींचा कागद. काही चित्रांशेजारी लाल टिकली चिकटवलेली. "विकलं गेलं," भाची कानात सांगते. रझांच्या गुरुजींनी ठिपका काढला तो पोरानं बघत बसावं म्हणून. इथली टिकली सांगते की बघणं संपलं. रझा २०१६ मध्ये गेले, त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांशेजारी त्यांना पुरलं. त्यांचं 'जेस्टेशन' हे १९८९चं चित्र २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१ कोटी ७५ लाखांना गेलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका इटालियन कलावंताचं भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं ६२ लाख डॉलरला विकलं गेलं, म्हणजे जवळपास तेवढ्यालाच. तुम्ही हातातल्या पिशवीकडे बघता. संत्र्याला यंदा काय भाव मिळाला, ते आठवतं आणि हसू येतं.

समोर पाच-सहा पाठी उभ्या आहेत. त्यातल्या एका पाठीवर तुमची नजर अडते. करडा सूट, बारीक वीण. हे कापड तुम्ही ओळखता. बोरगावचं असेल, नसेलही, पण अशा हजारो मीटर कापडावरून तुमचं बोट फिरलं आहे. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तुम्हाला कळतं की आपण पास केलेलं कापड कुठं जातं. ते इथं येतं आणि चित्राकडे पाठ करून उभं राहतं.

दाराशी सुरक्षारक्षक बसला आहे, कोकणातला. तुम्ही त्याला दोन संत्री देता. तो एक सोलून अर्धं तुम्हाला परत देतो. "काका, आज काय दिसणार?" तो म्हणतो. "उद्या सकाळी या. उद्या इथं कोणी नसतं. मी तर रोज बघतो."

शुक्रवार, सकाळचे अकरा

तुम्ही एकटेच येता. दार ढकलायचंच होतं. टेबलामागची मुलगी मान वर करून हसते आणि पुन्हा कामाला लागते. खोलीत तुम्ही, ती, रक्षक आणि भिंती.

काल पाठींमागं दडलेलं काम आज दिसतं. लाकडी चौकटीत न रंगवलेलं सूत ताणून लावलेलं. उभे धागे सगळे आहेत, आडवे मात्र काही जागीच विणलेले. बाकी मोकळं, आरपार भिंत दिसणारं. तुम्ही सवयीनं काठापासून सुरुवात करता. डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मधोमध एक धागा तुटलेला आणि गाठ मारून पुन्हा जोडलेला. गाठ मोठी, उघडी, शेपूट न कापलेली. तुमच्या टेबलावर हा तुकडा नापास झाला असता.

तुम्ही तिथं थांबता. एक मिनिट, पाच मिनिटं. गाठ चुकून राहिलेली नाही. कुणीतरी ठरवून तोडलं, ठरवून जोडलं आणि जोड लपवला नाही. रोज तुम्ही गाठ दिसली की ती नाहीशी कशी होईल ते बघता. इथं कुणी तुम्हाला गाठच बघायला सांगतंय. पोलिसाच्या बघण्यात आणि या बघण्यात काय फरक, याचं उत्तर तुम्हाला त्या धाग्यापाशी मिळतं. तोही दोषापाशी थांबला होता, तुम्हीही थांबलात. फरक एवढाच, की त्याला ती जागा झाकायची होती आणि तुम्हाला ती कशी केली ते कळून घ्यायचं आहे.

रक्षक मागून विचारतो, "सापडलं?"

"सापडलं," तुम्ही म्हणता.

परतीची गाडी मोठ्या लाइनची आहे. लोधीखेड्याला उतरता तेव्हा टीसी नाही, पुठ्ठ्याचं तिकीटही नाही. फाट्यावर टपरीवाला विचारतो, "काय जी, पाहिली चित्रं?"

"एक पाहिलं," तुम्ही सांगता. तो तेवढ्यावर समाधानी होतो.

उद्घाटनाला अवश्य जा. लग्नात नवरीचा चेहरा कुणी निवांत बघत नसतं, तसं उद्घाटनाला चित्र बघितलं जात नाही, पण कोण जमलं, कोण कुणाशी बोलत नाही, हे बघण्याची मजा आहेच. चित्र बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. जहांगीर अकरा वाजता उघडते. तिकीट नाही, वहीत नाव लिहिण्याचीही सक्ती नाही, आणि कापड, संत्रं किंवा पोळ्याचा बैल पारखणाऱ्या डोळ्यांना वेगळं काही शिकून यावं लागत नाही.